शेजारच्या घरातला नकार

लंडनमधल्या १०, डाउनिंग स्ट्रीटच्या काळ्या दाराला पत्रं टाकण्यासाठी एक पितळी फट आहे. पंतप्रधानांचं घर म्हणून सारं जग ते दार ओळखतं, पण त्या पितळेवर 'पंतप्रधान' हा शब्दच नाही. तिथे कोरलंय 'फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी', म्हणजे खजिन्याचा पहिला मानकरी. ब्रिटनमध्ये पंतप्रधानपद कुणी कायदा करून निर्माण केलं नाही. ज्याच्या कमरेला खजिन्याची किल्ली, तो हळूहळू मंत्रिमंडळाचा कर्ता झाला. १७३५ साली रॉबर्ट वॉलपोल या घरात राहायला आले ते याच अधिकाराने, आणि अर्थमंत्रिपदही तेव्हा त्यांच्याकडेच होतं. पुढे दोन पदं दोन माणसांकडे गेली. आज अर्थमंत्री, म्हणजे चान्सलर ऑफ द एक्स्चेकर, कागदोपत्री खजिन्याचा 'दुसरा लॉर्ड' असतो आणि शेजारचं ११ नंबर हे त्याचं अधिकृत घर असतं. दोन्ही घरं आतून जोडलेली आहेत. कॅमेऱ्यांसमोर न येता इकडून तिकडे जाता येतं.

या अर्थमंत्र्याच्या हाती आता नेमकं काय उरलंय याची यादी करायला बसलं, तर ती वाटते त्यापेक्षा आखूड निघते. व्याजदर ठरवण्याचा अधिकार मे १९९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडकडे गेला. वाढ किती होईल, तूट किती पडेल याचे अंदाज २०१० पासून ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी ही स्वतंत्र संस्था वर्तवते. तिकडे सगळे तिला ओबीआर म्हणतात. कर कुणावर आणि किती, हे अजून अर्थमंत्र्याच्या हातात आहे, पण निवडणुकीत दिलेल्या वचनांनी तिथेही हात बांधलेले असतात. अर्थसंकल्प वाचून दाखवणं हे वर्षातल्या एका दुपारचं काम. मग उरतं ते एक न दिसणारं काम. सहकारी मंत्र्यांना, आणि वेळ आली तर आतल्या दाराने जाऊन पंतप्रधानांनाही, 'नाही' म्हणणं.

माझं म्हणणं असं की अर्थमंत्रिपदाचा जीव या नकारात आहे, आणि गेल्या काही वर्षांत ब्रिटनने तो स्वतःच्या हाताने अशक्त केला. देशाच्या खर्चाला 'नाही' कुणीतरी म्हणतंच. ११ नंबरात कुणी म्हटलं नाही, तर रोखेबाजार, म्हणजे सरकारला कर्ज देणाऱ्यांचा बाजार, म्हणतो. फरक एवढाच की अर्थमंत्र्याला कॉमन्स या लोकसभेसारख्या सभागृहात उभं करून जाब विचारता येतो, आणि रोखे विकणाऱ्या दलालाला मत देऊन कुणी निवडलेलं नसतं.

आपल्याकडे हे पद ओळखलं जातं ते अर्थसंकल्पाच्या दिवशी हातात दिसणाऱ्या लाल पेटीवरून. बजेट हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या चामडी पिशवीवरून आलेला. ती पिशवी आपल्यापर्यंत पोचवली जेम्स विल्सन यांनी. लंडनच्या ट्रेझरीत, म्हणजे अर्थखात्यात, आर्थिक सचिव राहिलेले हे गृहस्थ १८५७ च्या उठावानंतर खिळखिळी झालेली तिजोरी सावरायला कलकत्त्याला आले, १८६० मध्ये त्यांनी हिंदुस्थानचा पहिला अर्थसंकल्प मांडला, प्राप्तिकर बसवला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हगवणीने इथेच वारले. त्यांच्या मागे कर तेवढा राहिला. लंडनची वेळ सांभाळण्यासाठी आपला अर्थसंकल्प संध्याकाळी पाचला मांडायची प्रथा तर स्वातंत्र्यानंतरही १९९९ पर्यंत चालली. पेटी, पिशवी, मुहूर्त हे सगळं आपण घेतलं. आतलं दार मात्र घेतलं नाही, आणि ते घेता येण्यासारखं नव्हतंही.

पदाच्या नावातच हिशेब आहे. एक्स्चेकर म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखं चौकटीचं कापड. बाराव्या शतकात त्यावर सोंगट्या सरकवून राजाचा वसूल मोजत. पावती म्हणून खाचा पाडलेल्या लाकडी काठ्या देत, आणि ही पद्धत कशीबशी १८२६ पर्यंत टिकली. साठलेल्या काठ्यांचं करायचं काय, म्हणून १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्टीत जाळायला घेतल्या आणि त्या आगीत संसदेचा वेस्टमिन्स्टर राजवाडा जवळजवळ सगळा जळाला. खजिन्याचा जुना हिशेब मिटवायला निघाले आणि संसद गमावून बसले. (ही गोष्ट सांगायचा मोह मला कधीच आवरत नाही.)

असो. नकाराकडे येऊ.

जानेवारी १९५८. पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन, अर्थमंत्री पीटर थॉर्नीक्रॉफ्ट. पुढच्या वर्षाचा सरकारी खर्च चालू वर्षापेक्षा वाढू द्यायचा नाही, असा थॉर्नीक्रॉफ्ट यांचा हट्ट होता. घासाघीस होत होत फरक ५ कोटी पौंडांवर येऊन थांबला. सगळ्या खर्चाच्या मानाने ही रक्कम चिमूटभर होती, पण चिमटा दोघांनाही बसला होता. अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्याबरोबर ईनॉक पॉवेल आणि नायजेल बर्च हे खात्यातले दोन्ही कनिष्ठ मंत्रीही बाहेर पडले. अख्खं अर्थखातं एका दिवसात रिकामं! मॅकमिलन राष्ट्रकुल दौऱ्यावर निघाले होते, पहिला मुक्काम दिल्ली. विमानतळावर त्यांनी या प्रकाराला 'किरकोळ स्थानिक अडचणी' म्हटलं आणि ते विमानात बसले. मुरलेल्या खेळाडूची चाल. पण लक्षात घ्या, मॅकमिलन स्वतः वर्षभरापूर्वीपर्यंत अर्थमंत्री होते. समोरचा माणूस काय म्हणतोय हे त्यांना नीट कळत होतं, तरी पटत नव्हतं. मतभेद उघड्यावर आला, संसदेत बोलला गेला, वर्तमानपत्रांनी तो चघळला. कोण बरोबर होतं यावर अर्थशास्त्रज्ञ अजून भांडतात. त्या दिवशी ब्रिटिश मतदाराला मात्र एवढं कळलं की सरकारमध्ये दोन मतं आहेत आणि ती कोणती आहेत.

नकार देणारा नेहमी शहाणाच असतो असं मात्र मला म्हणायचं नाही. १९८९ मध्ये अर्थमंत्री नायजेल लॉसन पद सोडून गेले ते पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे खासगी आर्थिक सल्लागार ॲलन वॉल्टर्स यांच्या लुडबुडीला कंटाळून. एका घरात दोन अर्थमंत्री नांदू शकत नाहीत ही त्यांची तक्रार रास्त होती. मूळ भांडणात मात्र मला थॅचरबाईंची बाजू भक्कम वाटते. पौंडाचा दर युरोपीय चलनांच्या यंत्रणेला बांधावा असं लॉसन यांना वाटे, बाई तयार नव्हत्या. लॉसन गेले, आणि वर्षभरातच, ऑक्टोबर १९९० मध्ये, बाई थकल्या आणि त्यांनी होकार दिला. मग १६ सप्टेंबर १९९२ आला. सट्टेबाजांनी पौंडाची धुलाई केली, अर्थमंत्री नॉर्मन लॅमॉन्ट यांनी व्याजदर १० वरून १२ टक्क्यांवर नेला, १५ ची घोषणा केली, आणि रात्री यंत्रणेतून बाहेर पडल्याचं जाहीर केलं. तर नकार दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. मला हवी आहे ती भिंत, जिच्या एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला ऐकू जातो.

ती भिंत सगळ्यात जाड होती पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांच्या काळात. गंमत म्हणजे दोघांनी आधी घरांचीच अदलाबदल केली. ११ नंबरावरचं राहतं घर मोठं, म्हणून मुलाबाळांचे ब्लेअर तिकडे गेले आणि एकटे ब्राउन १० नंबरावरच्या घरात. पुढची दहा वर्षं दोघांची भांडणं हा ब्रिटिश पत्रकारांचा रोजगार होता. अर्थसंकल्पात काय आहे ते आम्हाला शेवटपर्यंत कळू देत नाहीत, अशी कुरकुर पंतप्रधानांच्या गोटातून सतत ऐकू येई. हे सगळं क्षुद्र होतं, आणि त्यात ब्राउन यांची पंतप्रधान होण्याची घाई होती हेही खरं. पण या क्षुद्र भांडणातून एक मोठी गोष्ट घडली. ब्लेअर यांना ब्रिटन युरोत न्यायचं होतं. ब्राउन यांनी पाच कसोट्या लावल्या, ट्रेझरीकडून अठरा अभ्यास लिहून घेतले आणि जून २००३ मध्ये उत्तर दिलं, अजून नाही. पुढे २०१० नंतर ग्रीस, आयर्लंड, पोर्तुगाल युरोच्या दावणीला बांधल्यामुळे कसे भरडले गेले ते आपण पाहिलं. लंडनला तो प्रसंग आला नाही, याचं बरंच श्रेय एका हेकट शेजाऱ्याला जातं.

याच्या उलटं उदाहरण विन्स्टन चर्चिल यांचं. १९२४ ते १९२९ ते अर्थमंत्री होते हे आपल्याकडे फारसं कुणाला आठवत नाही. पहिल्या महायुद्धाआधीच्या दराने, म्हणजे ४.८६ डॉलरला एक पौंड, पुन्हा सुवर्णमानकावर, म्हणजे पौंडाची किंमत सोन्याला बांधण्यावर, जायचं की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. चर्चिल यांना शंका होती. अधिकाऱ्यांना त्यांनी खरमरीत प्रश्न विचारले, मार्च १९२५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्यासह जाणकारांना जेवायला बोलावून वाद घालायला लावला. आणि मग मान डोलावली. बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर, ट्रेझरीतले बडे अधिकारी, सगळी प्रतिष्ठित मंडळी एका बाजूला होती आणि चर्चिल यांना स्वतःच्या शंकेवर उभं राहता आलं नाही. एप्रिलमध्ये घोषणा झाली. महाग पौंडामुळे निर्यात आखडली, खाणमालकांनी मजुरी कापायला घेतली, पुढच्या वर्षी देशभर सार्वत्रिक संप झाला. त्याची झळ मुंबईपर्यंत आली. १९२७ मध्ये रुपया त्याच पौंडाला १८ पेन्सच्या दराने बांधला गेला. मुंबईचे व्यापारी आणि गिरणीमालक १६ पेन्स मागत होते, कारण महाग रुपयात परदेशी कापड स्वस्त पडतं. त्यांचं कुणी ऐकलं नाही. बोलघेवडा म्हणून जगभर गाजलेला हा माणूस ऐन वेळी गप्प बसला, आणि त्या गप्प बसण्याची किंमत परळ-लालबागच्या गिरण्यांनीही भरली.

आता अलीकडचं.

फेब्रुवारी २०२०. बोरिस जॉन्सन दणदणीत बहुमताने निवडून आलेले, साजिद जाविद अर्थमंत्री. पंतप्रधानांकडून अट आली की तुमचे सगळे खास सल्लागार काढा, यापुढे १० आणि ११ चे सल्लागार एकत्र असतील. एकत्र या शब्दाचा अर्थ जाविद यांना बरोबर कळला. स्वाभिमानी मंत्री ही अट मान्य करणार नाही, असं सांगून ते बाहेर पडले. अजून एकही अर्थसंकल्प मांडलेला नव्हता. त्याच दिवशी खात्यातलेच ऋषी सुनक त्या जागी आले. आपल्याकडे बातमी झाली ती इन्फोसिसचा जावई ब्रिटनचा अर्थमंत्री झाल्याची. ती खरीच होती, पण खरी बातमी तिच्या आड गेली: आतल्या दाराचं कुलूप काढून पंतप्रधानांच्या खिशात गेलं होतं. पुढे कोविड आला, घरी बसलेल्या कामगारांच्या पगाराचे ८० टक्के सरकार देऊ लागलं, आणि अशा काळात 'नाही' कोण म्हणणार? पण महामारी ओसरल्यावरही दोघांचं जमेना. ५ जुलै २०२२ च्या संध्याकाळी सुनक गेले. त्यांच्या काही मिनिटं आधी राजीनामा दिला होता तो, मधल्या काळात आरोग्यमंत्री म्हणून परतलेल्या जाविद यांनीच.

सप्टेंबर २०२२ मध्ये तर भिंतच उरली नाही. लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी अर्थमंत्री नेमले क्वासी क्वार्टेंग, त्यांचे जुने मित्र आणि वैचारिक जुळे भाऊच म्हणा. कुठलाही वाद नाही, दोघांचं सगळ्यावर एकमत. ट्रेझरीचे स्थायी सचिव टॉम स्कॉलर यांना पहिल्याच आठवड्यात घरी पाठवलं, कारण ही मंडळी जुनाट विचारांची, मोडता घालणारी. ओबीआर अंदाज द्यायला तयार होती, तो मागवलाच नाही. २३ सप्टेंबरला क्वार्टेंग यांनी ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली आणि पैसे कुठून येणार ते सांगितलं नाही. म्हणजे 'नाही' म्हणू शकणारे जे तीन आवाज होते, मंत्री, सचिव आणि स्वतंत्र संस्था, त्यातला पहिला होकाराचा होता, दुसरा बाहेर काढला होता आणि तिसऱ्याला विचारलंच नव्हतं.

मग चौथा बोलला. सोमवारी पौंड घसरून १.०३ डॉलरच्या आसपास गेला, इतिहासातला नीचांक. सरकारी रोख्यांची विक्री सुरू झाली. आणि इथे एक अशी गोष्ट उघडी पडली जिचं नावही सामान्य ब्रिटिश माणसाने ऐकलेलं नव्हतं. पेन्शन फंडांनी रोखे तारण ठेवून त्यावर आणखी व्यवहार केलेले होते. रोख्यांचा भाव पडला तसं त्यांच्याकडे जादा तारण मागितलं गेलं. ते भरायला त्यांनी आणखी रोखे विकले, त्यामुळे भाव आणखी पडला, पुन्हा तारणाची मागणी. शिक्षकांच्या, कारकुनांच्या म्हातारपणाची पुंजी या भोवऱ्यात फिरायला लागली. २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडून ६५ अब्ज पौंडांपर्यंत रोखे विकत घेण्याची तयारी जाहीर करावी लागली. प्रत्यक्षात सुमारे १९ अब्जांत भागलं. ऑक्टोबरमध्ये दोन वर्षांच्या गृहकर्जाचा सरासरी दर ६ टक्क्यांवर गेला. क्वार्टेंग नाणेनिधीच्या बैठकीसाठी वॉशिंग्टनला गेले होते, त्यांना परत बोलावून १४ ऑक्टोबरला काढलं. ३८ दिवस. त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी तीनच दिवसांत जवळपास सगळी कपात मागे घेतली, आणि आठवडा संपायच्या आत ट्रसबाईही राजीनामा देऊन बसल्या. एका वर्षात ब्रिटनने चार अर्थमंत्री पाहिले.

या प्रकरणाचा धडा म्हणून सगळे सांगतात तो असा की बाजाराशी पंगा घेऊ नये. मला हा धडा अपुरा वाटतो, थोडा लाजिरवाणाही. ४५ अब्जांचा प्रश्न एका मंगळवारी ११ नंबरात दोन माणसांनी दार लावून भांडून सोडवायला हवा होता. तो न सोडवल्यामुळे तो टोकियो-न्यूयॉर्कच्या पडद्यांवर गेला. तिथे जो नकार मिळाला तो बरोबरच होता, पण तो देताना कुणी गृहकर्जाचा हप्ता भरणाऱ्याचा विचार केला नव्हता, आणि करण्याचं कारणही नव्हतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ट्रेझरीच्या नकाराचं एवढं कौतुक करता, पण हा नकार बहुतेकदा आंधळा असतो त्याचं काय? सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा उघडायच्या तोंडावर इंग्लंडमधल्या शंभराहून अधिक शाळांना इमारती बंद करायला सांगितल्या. जुन्या, बुडबुड्यांच्या हलक्या काँक्रीटची छतं कधीही कोसळतील म्हणून. शिक्षण खात्याच्या माजी सचिवांनी तेव्हा उघड सांगितलं की वर्षाला तीनशे-चारशे शाळा नव्याने बांधायची गरज होती, खात्याने दोनशे मागितल्या, ट्रेझरीने पन्नासच दिल्या. तो आकडा ठरला तेव्हा अर्थमंत्री होते सुनक. याला काटकसर म्हणत नाहीत. छपराचा खर्च वाचवून पावसाळ्यात भांडी मांडत बसणाऱ्या घरमालकाचा हा हिशेब आहे. आणि असे हिशेब ट्रेझरीत पिढ्यान् पिढ्या झालेत. दुरुस्ती पुढे ढकलली की यंदाची तूट कमी दिसते, आणि यंदाची तूट हेच ज्याच्या गुणपत्रिकेत आहे तो दुसरं काय करणार?

म्हणून अनेकांची मागणी असते की ट्रेझरीचे दोन तुकडे करा. एकाने पैसे मोजावेत, दुसऱ्याने विकासाचा विचार करावा. हा प्रयोग होऊन गेलाय. १९६४ मध्ये मजूर पक्षाच्या हॅरॉल्ड विल्सन यांनी अर्थव्यवहार खातं वेगळं काढलं, जॉर्ज ब्राउन यांच्याकडे दिलं, राष्ट्रीय योजना तयार झाली. जुलै १९६६ मध्ये पौंडावर दडपण आल्यावर ट्रेझरीने खर्चाला कात्री लावली आणि योजना तिथेच संपली. १९६९ मध्ये खातंही गुंडाळलं. ज्याच्याकडे पैसा नाही त्याचा विकास कागदावर राहतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा नियोजन समितीच्या सदस्याला माहीत आहे. तेव्हा आंधळ्या नकारावर उपाय डोळस नकार हाच, आणि तो देण्यासाठी मंत्र्याकडे ताकद लागते. हातात ताकद नसलेला अर्थमंत्री मोठ्या खात्यांपुढे वाकतो आणि मग भरपाई म्हणून ज्यांचा आवाज लहान त्यांना 'नाही' म्हणतो. शाळांची छतं मतदान करत नाहीत.

रेचेल रीव्ह्ज यांची गोष्ट मला यासाठीच महत्त्वाची वाटते. जुलै २०२४ मध्ये त्या अर्थमंत्री झाल्या. आठशे वर्षांच्या या पदावरची पहिली स्त्री. क्वार्टेंग प्रकरणाची दहशत एवढी की मजूर सरकारने आल्या आल्या कायदा केला, कुठलाही मोठा आर्थिक निर्णय ओबीआरच्या अंदाजाशिवाय घेता येणार नाही. स्वतःसाठी त्यांनी नियम घातला की दैनंदिन खर्च काही वर्षांत महसुलातूनच भागवायचा, आणि त्या नियमापुढे शिल्लक ठेवली ९.९ अब्ज पौंडांची. वर्षाला बाराशे अब्जांहून अधिक खर्च करणाऱ्या सरकारच्या दृष्टीने हे म्हणजे महिनाअखेरीला खिशात उरलेली चिल्लर. मार्च २०२५ मध्ये ओबीआरचे अंदाज खाली आले आणि चिल्लर संपली. मग अपंगांच्या भत्त्यांना आणि इतर खर्चांना कात्री लावून पुन्हा तोच आकडा गाठला. बरोबर ९.९ अब्ज! इतका तंतोतंत की हसावं की रडावं कळेना. एखादी मदत योग्य की अयोग्य, यावरचा हा निर्णयच नव्हता. पाच वर्षांनंतरच्या अंदाजातला दशांश जुळवण्यासाठी तो घेतलेला होता. असा नकार स्वतःच्या पक्षालाही पटवता येत नाही. सव्वाशेच्या आसपास मजूर खासदार उलटले आणि १ जुलैला सरकारने कपातीचा गाभाच काढून टाकला. त्याआधी जवळजवळ एक कोटी पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता तोडून पुन्हा बराचसा बहाल करण्याचं नाटकही होऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांच्या वेळी रीव्ह्ज त्यांच्या मागे बसल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कारण खासगी असल्याचं सांगण्यात आलं, आणि ते तसंच मानावं. त्यावर आपल्याकडेही समाजमाध्यमांत जे विनोद झाले ते आठवून वाईट वाटतं. मला महत्त्वाचं वाटतं ते त्या दुपारी बाजारात घडलेलं. विरोधी पक्षनेत्या केमी बेडनॉक यांनी विचारलं, या पदावर राहणार का? पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी लगेच स्पष्ट 'हो' म्हटलं नाही. आणि रोखे पडायला लागले, पौंडही. म्हणजे ज्या बाईंना बाजाराच्या ताटाखालचं मांजर म्हणत होते, त्या जातील या भीतीने बाजार घाबरला. त्यांच्या जागी येणारा कुणी सैल हाताचा असेल तर? संध्याकाळपर्यंत पंतप्रधानांनी पाठिंबा जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी भाव सावरले. ११ नंबरात बसून 'नाही' म्हणणाऱ्या माणसाची किंमत इतक्या उघडपणे, आकड्यांत, क्वचितच मोजली गेली असेल.

आणि हे पदाचं वजन कुठे सरकलंय ते दाखवणारा आणखी एक प्रसंग. नोव्हेंबर १९४७ मध्ये अर्थमंत्री ह्यू डाल्टन सभागृहाकडे जाताना एका पत्रकाराशी दोन वाक्यं बोलले. करांमधले बदल ते भाषणात सांगायच्या आत सांजदैनिकात छापून आले. दुसऱ्या दिवशी डाल्टन यांनी राजीनामा दिला. (त्यांच्या जागी आले स्टॅफर्ड क्रिप्स, १९४२ मध्ये दिल्लीहून रिकाम्या हाताने परतलेले.) नोव्हेंबर २०२५ मध्ये रीव्ह्ज भाषणाला उभ्या राहण्याच्या सुमारे पाऊण तास आधी ओबीआरचा अख्खा अहवाल संकेतस्थळावर लोकांच्या हाती लागला. चार-पाच दिवसांत राजीनामा आला, पण तो ओबीआरचे अध्यक्ष रिचर्ड ह्यूज यांचा. त्याआधी आठवडेच्या आठवडे ट्रेझरीतून करवाढीच्या पुड्या सोडल्या जात होत्या, प्राप्तिकर वाढणार, नाही वाढणार. त्यासाठी कुणी गेलं नाही. जबाबदारी जिथे असते तिथेच राजीनामा पडतो, हे मान्य केलं तर जबाबदारी आता कुठे राहायला गेलीय ते कळतं.

मला ओबीआर नको आहे असं नाही. आरसा हवाच. पण आरशात बघून दाढी करायची असते, आरशाला विचारून लग्न ठरवायचं नसतं.

मग करायचं काय? एक छोटी सूचना आहे, आणि तिचा साचा ब्रिटिशांच्याच कारभारात तयार आहे. तिथे एखाद्या खात्याच्या सचिवाला वाटलं की मंत्री सांगतोय तो खर्च पैशाच्या लायकीचा नाही, तर तो मंत्र्याकडून लेखी आदेश मागतो. मंत्र्याला तो देण्याचा अधिकार आहेच, पण कागद महालेखापालांकडे आणि संसदेच्या लोकलेखा समितीकडे जातो आणि यथावकाश प्रसिद्ध होतो. हाच नियम एक मजला वर न्यावा. अर्थमंत्र्याचा सल्ला डावलून पंतप्रधानांना मोठा खर्च किंवा मोठी करकपात करायची असेल तर त्यांनी तसं लिहून द्यावं, आणि ते पत्र कॉमन्ससमोर ठेवावं. पंतप्रधान हेच कोरीव पितळेनुसार खजिन्याचे पहिले लॉर्ड, तेव्हा सही करायला त्यांची ना नसावी. दुसरं, अर्थमंत्र्याचे सल्लागार अर्थमंत्र्यानेच नेमावेत. २०२० ची अट पुन्हा कुठल्याही पंतप्रधानाला घालता येऊ नये.

आपल्याला अशा कागदाचं मोल कळावं, कारण आपण ते पाहिलंय. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित ठेवण्याच्या निर्णयावरून चिंतामणराव देशमुखांनी देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं तेव्हा लोकसभेत त्यांनी फक्त मुंबईचं गाऱ्हाणं मांडलं नाही. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात चर्चा न होता जाहीर झाला, हा त्यांचा मुद्दा होता. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं ते मुंबईसाठी. मला त्यांचा दुसरा मुद्दा जास्त टिकाऊ वाटतो.

माझ्या सूचनेत भोक आहे, ते मीच दाखवतो. सप्टेंबर २०२२ मध्ये हा नियम असता तरी तसं पत्र निघालंच नसतं, कारण क्वार्टेंग यांना काही डावललं जातंय असं वाटतच नव्हतं. जिथे दोघांचं एकमत आहे तिथे नियम काय करणार? तिथे उपयोगी पडते ती पंतप्रधानाची निवड, आणि ज्याला 'नाही' म्हणून बाहेर पडणं परवडतं असा माणूस निवडायला पोटात धाडस लागतं. मॅकमिलन यांच्यात ते होतं. ५ कोटी पौंडांसाठी सरकार हादरवणाऱ्या थॉर्नीक्रॉफ्ट यांना त्यांनी दोन-अडीच वर्षांतच, १९६० च्या उन्हाळ्यात, विमान वाहतूक मंत्री म्हणून मंत्रिमंडळात परत घेतलं.